वेब अनुप्रयोगांतील मुक्त स्रोत घटक

वेब अनुप्रयोगांतील मुक्त स्रोत घटक म्हणजे इतरांनी लिहून मुक्त परवान्याखाली प्रसृत केलेले आणि नव्या वेब अनुप्रयोगात जसेच्या तसे अथवा बदल करून वापरता येणारे सॉफ्टवेअरचे तयार भाग होत. तक्ता मांडणे, आलेख काढणे, नकाशा दाखवणे, तारीख निवडू देणे, वापरकर्त्याची ओळख पडताळणे ही कामे जवळजवळ प्रत्येक अनुप्रयोगात येतात. ती दर वेळी नव्याने लिहिण्याऐवजी अशा घटकांकडून करून घेतली जातात. आजच्या बहुतेक वेब अनुप्रयोगांत स्वतः लिहिलेल्या ओळींपेक्षा अशा उसन्या ओळी कितीतरी अधिक असतात. घटक मिळवणे हे काही मिनिटांचे काम आहे. तो कोणत्या अटींवर वापरता येतो, त्याची देखभाल कोण करते आणि मराठी मजकूर तो नीट हाताळतो की नाही, हे तपासण्याची जबाबदारी मात्र वापरणाऱ्याचीच असते.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून या लेखात एक काल्पनिक विद्यार्थी-प्रकल्प उदाहरणादाखल घेतला आहे. वाशी (नवी मुंबई) येथे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य यांचे घाऊक बाजार आहेत. तेथील शेतमालाची आवक व भाव मराठीत दाखवणारा वेब अनुप्रयोग, असा हा प्रकल्प आहे.

संज्ञा

'मुक्त' आणि 'मोफत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द असल्यामुळे जो घोटाळा होतो, तो मराठीत होण्याचे खरे तर कारण नाही; तरीही तो होतो. मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा स्रोत, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, पाहण्याची वा बदलण्याची मुभा असेलच असे नाही. मुक्त सॉफ्टवेअर वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि पुन्हा वाटणे या चारही गोष्टींचे स्वातंत्र्य परवान्याने दिलेले असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि या विचाराला संघटित रूप मिळाले. 'मुक्त स्रोत' ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली. त्याच वर्षी स्थापन झालेली ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था कोणते परवाने या व्याख्येत बसतात ते ठरवते. 'केवळ अव्यावसायिक वापरासाठी' अशी अट घालणारा परवाना या व्याख्येत बसत नाही, कारण वापराच्या क्षेत्रानुसार भेद करण्यास ही व्याख्या मनाई करते.

उदाहरणातील प्रकल्पाची जुळणी

बाजारभावांच्या अनुप्रयोगात विद्यार्थ्यांना स्वतः लिहावा लागणारा भाग लहान असतो: कोणता शेतमाल, कोणती तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव किती, एवढा व्यवहार. बाकी बहुतेक सारे तयार मिळते. नकाशासाठी २०११ मध्ये प्रसृत झालेला लीफलेट हा घटक आहे. आलेखांसाठी मुंबईतच तयार झालेला फ्रॅपे चार्ट्स आहे. अक्षरांसाठी मुक्त परवान्याचे देवनागरी टंक आहेत. भावांची माहिती केंद्र शासनाच्या ॲगमार्कनेट यंत्रणेत गोळा होते आणि शासनाच्या मुक्त विदा संकेतस्थळावरही उपलब्ध असते.

मात्र संहिता, विदा आणि सेवा या तीन गोष्टींना तीन निराळ्या अटी लागू होतात, आणि नवशिक्यांची पहिली गफलत बहुधा येथेच होते. लीफलेटची संहिता बीएसडी परवान्याखाली आहे. तिच्यावर दिसणारा ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा हा विदा आहे. त्याचा परवाना वेगळा असून नकाशावर योगदात्यांचे श्रेय देणे त्यात बंधनकारक आहे. त्या नकाशाची चित्रे ज्या सर्व्हरवरून येतात ती तर सेवा झाली. ती देणग्यांवर चालते, आणि तिच्यावर मोठा भार टाकण्यास तिचे वापर-धोरण मनाई करते. शासकीय विदेसाठी २०१७ मध्ये अधिसूचित झालेला 'भारत शासन मुक्त विदा परवाना' लागू होतो आणि त्यातही स्रोताचा उल्लेख आवश्यक असतो. एकच पडदा, पण त्यामागे तीन करार असतात.

घटकांचा शोध

घटक प्रामुख्याने भाषानिहाय नोंदणी-भांडारांत मिळतात. जावास्क्रिप्टसाठी एनपीएम, पायथनसाठी पायपीआय, पीएचपीसाठी पॅकेजिस्ट आणि जावासाठी मेव्हन सेंट्रल ही त्यांपैकी प्रमुख होत. मूळ संहिता व तिचा इतिहास गिटहब, गिटलॅब किंवा कोडबर्ग यांसारख्या ठिकाणी पाहता येतो. शोध घेताना कामाचे नेमके तांत्रिक नाव ठाऊक असेल तर निम्मा वेळ वाचतो. 'तक्ता' असे शोधण्यापेक्षा 'क्रमवारी व गाळणी असलेला तक्ता' असे शोधल्यास निवड लवकर आटोक्यात येते.

सापडलेल्या घटकाची पारख त्याला मिळालेल्या पसंतीच्या तारकांवरून करण्याची सवय सर्रास आढळते. तारका लोकप्रियतेच्या असतात, प्रकृतीच्या नव्हेत. शेवटची आवृत्ती केव्हा निघाली, कळवलेल्या दोषांना उत्तरे मिळतात का, देखभाल करणारी व्यक्ती एकच आहे की अनेक आहेत, स्वयंचलित चाचण्या आहेत का, आणि हा घटक स्वतः आणखी किती घटकांवर विसंबून आहे, हे प्रश्न अधिक कामाचे आहेत. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. एक घटक घेतला असे वाटते, पण त्याच्या पाठोपाठ त्याचा सारा गोतावळा दाखल होतो.

नावाची खातरजमा अक्षरशः करावी लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीएमवर 'क्रॉस-एन्व्ह' या प्रसिद्ध घटकाच्या नावातील जोडरेषा वगळून तेच नाव धारण केलेला एक बनावट घटक आढळला. तो घेणाऱ्यांच्या संगणकावरील गुप्त मांडणी-मूल्ये परस्पर बाहेर पाठवली जात होती. शुद्धलेखनाची चूक इतकी महाग क्वचितच पडत असेल.

परवाने

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संगणक-आज्ञावली ही 'साहित्यकृती' मानली जाते. कथा किंवा कवितेप्रमाणेच तिच्यावर निर्मात्याचा प्रताधिकार लिहिताक्षणीच निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची आवश्यकता नसते. म्हणूनच, ज्या संहितेसोबत परवाना जोडलेला नाही ती सर्वांना दिसत असली तरी मुक्त नसते. ती वाचता येते, पण स्वतःच्या अनुप्रयोगात घालून वितरित करण्याची परवानगी मिळालेली नसते. महाविद्यालयीन प्रकल्पांत हा नियम सर्वाधिक मोडला जातो आणि पुढे त्याच प्रकल्पाचा व्यवसाय करायचे ठरले की अडचण उभी राहते.

मुक्त परवान्यांचे ढोबळमानाने दोन कुळे आहेत. एमआयटी, बीएसडी आणि अपाची हे उदार परवाने होत. प्रताधिकाराची सूचना व परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की ती संहिता बंदिस्त उत्पादनातही वापरता येते. अपाची परवान्याच्या २००४ मधील दुसऱ्या आवृत्तीत पेटंटसंबंधीची परवानगीही स्पष्टपणे दिलेली आहे. दुसरे कूळ जीपीएलचे आहे. जीपीएल संहितेवर आधारलेली कृती वितरित करायची तर तीही त्याच परवान्याखाली, स्रोतासह द्यावी लागते.

'वितरण' कशाला म्हणायचे, हा वेब अनुप्रयोगांत कळीचा मुद्दा ठरतो. सर्व्हरवर चालणारी जीपीएल संहिता वापरकर्त्याच्या हाती जात नाही, त्याला केवळ तिचे फलित दिसते. म्हणून स्रोत देण्याचे बंधन लागू होत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टची प्रत मात्र वापरकर्त्याच्या संगणकावर उतरते, आणि ते वितरण ठरते. सर्व्हरची ही पळवाट बुजवण्यासाठी २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती निघाली. तिच्या अटीनुसार, संहितेत बदल करून ती जाळ्यावरून इतरांना वापरू दिल्यास त्या वापरकर्त्यांना बदललेला स्रोत उपलब्ध करून द्यावा लागतो. विद्यार्थी-प्रकल्पासाठी ही अट सहज पाळता येण्याजोगी आहे. व्यवसायासाठी ती आधी वाचलेली बरी.

परवाना बदलूही शकतो. सर्व्हरवर तात्पुरता विदा साठवण्यासाठी वापरला जाणारा रेडिस हा घटक मार्च २०२४ मध्ये मुक्त परवान्यातून बाहेर काढण्यात आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत शेवटच्या मुक्त आवृत्तीपासून 'व्हाल्की' ही नवी शाखा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सुरू झाली, आणि २०२५ मध्ये रेडिसनेही एजीपीएलचा पर्याय देऊ केला. अशा बदलाने आधी दिलेली परवानगी मागे घेतली जात नाही. जुनी आवृत्ती जुन्याच अटींवर मुक्त राहते, पण मूळ प्रकल्पाकडून तिची दुरुस्ती होत राहील याची शाश्वती उरत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरणे

मुंबईतील फ्रॅपे टेक्नॉलॉजीज ही कंपनी पुनर्वापराच्या दोन्ही बाजू एकत्र दाखवते. रुषभ मेहता यांनी सुरू केलेल्या या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा, खरेदी-विक्री आदी कामांसाठीचे वेब सॉफ्टवेअर आहे. ते ज्या पायावर उभे आहे ती फ्रॅपे फ्रेमवर्क ही रचना पायथन, मारियाडीबी, रेडिस, वेर्कझॉइग, जिंजा अशा इतरांनी घडवलेल्या मुक्त घटकांवर बेतलेली आहे. त्या रचनेतून निघालेले फ्रॅपे चार्ट्स आणि फ्रॅपे गँट हे घटक कंपनीने स्वतंत्रपणे प्रसृत केले. फ्रॅपेशी काडीचाही संबंध नसलेल्या अनुप्रयोगांतही ते वापरता येतात.

एकाच कंपनीने येथे दोन परवाने वापरले आहेत. फ्रेमवर्क व आलेखांचे घटक एमआयटी परवान्याखाली आहेत, तर ईआरपीनेक्स्ट जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. परिणाम असा की, फ्रेमवर्क घेऊन कोणीही आपला बंदिस्त अनुप्रयोग बांधू शकतो. ईआरपीनेक्स्टमध्ये फेरफार करून ते वितरित करणाऱ्याला मात्र फेरफारही खुले करावे लागतात.

टंकांचे क्षेत्र याहून समृद्ध आहे आणि मराठी वाचकाच्या थेट नजरेसमोर आहे. मुंबईतील 'एक टाइप' या टंकरचनाकारांच्या समूहाने मुक्ता, बालू, मोदक यांसारखे टंक ओएफएल या मुक्त टंक-परवान्याखाली दिले आहेत. रेड हॅटने प्रसृत केलेला लोहित हा टंकसमूह आरंभी जीपीएलखाली होता. २०११ मध्ये तो ओएफएलखाली आणण्यात आला. ओएफएल टंकांसाठीच रचलेला आहे. टंक संकेतस्थळात, पुस्तकात वा सॉफ्टवेअरमध्ये घालता येतो. फक्त तो सुटा विकता येत नाही. मूळ रचनाकार टंकाचे नाव राखून ठेवू शकतो, आणि तसे असल्यास बदललेल्या टंकाला नवे नाव द्यावे लागते. राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा' या टंकावरून आयआयटी मुंबईत 'शोभिका' हा टंक घडला. शासकीय संस्थेने खुली केलेली कृती दुसऱ्या संस्थेने पुढे नेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

टंक दूरच्या सर्व्हरवरून मागवावा की आपल्याच सर्व्हरवर ठेवावा, हा निर्णयही तपासून घेण्यासारखा आहे. गूगलच्या सर्व्हरवरून टंक मागवताना भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता संमतीविना गूगलकडे गेला, म्हणून म्युनिक येथील न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये एका संकेतस्थळाच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. मुक्त परवान्यामुळे हे टंक स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्यास कोणतीच आडकाठी नसते.

देवनागरी मजकुराची कसोटी

बहुतेक घटक रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. त्यांच्या माहितीपत्रकात 'युनिकोडला अनुकूल' असे म्हटलेले असले तरी मराठी मजकूर घालून पाहिल्यावाचून त्यावर विसंबू नये. त्यासाठी 'वाशी' हा छोटा शब्दही पुरतो.

वाचणाऱ्याला 'वाशी'त दोन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती चार चिन्हे आहेत: व, काना, श आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ सांकेतनात त्यांचे बारा बाइट होतात. त्यामुळे 'मजकुराची लांबी' विचारल्यावर निरनिराळे घटक दोन, चार किंवा बारा असे उत्तर देतात, आणि तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात. लांबलचक नाव ठरावीक लांबीवर कापणारा घटक मात्र तिसऱ्या चिन्हावर कापून 'वाश' करून ठेवतो. पानाचा पत्ता शीर्षकावरून तयार करणारे काही घटक रोमन नसलेले सारे गाळतात. मग 'वाशी'चे काहीच उरत नाही. काही जरा सुधारलेले घटक 'अक्षर' या युनिकोड वर्गातील चिन्हे राखतात, पण काना-मात्रा-वेलांट्या त्या वर्गात नसून 'चिन्ह' या वेगळ्या वर्गात मोडतात. परिणामी 'वाशी'चे 'वश' होते. दोन्ही वर्ग राखले, तरच गावाचे नाव शाबूत राहते.

क्रमवारीतही असाच पेच आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, तर युनिकोडच्या अनुक्रमांकांत तो ल च्या लगेच पुढे आहे. निव्वळ अनुक्रमांकांवर चालणारा तक्ता 'केळी' आधी आणि 'केसर' नंतर दाखवतो. मराठी कोशाच्या क्रमात 'केसर' आधी आणि 'केळी' नंतर हवी. ब्राउझरमध्ये मराठी भाषा नमूद करून क्रम लावल्यास तो योग्य लागतो, कारण निरनिराळ्या भाषांचे संकेत नोंदवणाऱ्या सीएलडीआर या मुक्त विदासंचात मराठीचा क्रम दिलेला आहे. मात्र तक्त्याच्या घटकाने ती सोय वापरायला हवी, किंवा वापरू तरी द्यायला हवी.

शोधाच्या चौकटीत 'कैऱ्या' हा शब्द टाकून पाहावा. त्यातील 'ऱ्य' तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ऱ या एकाच चिन्हाने, र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी, किंवा र, हलन्त व एका अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन एकरूप होतात, पण तिसरा वेगळाच राहतो. तो आपल्या संहितेत जाणीवपूर्वक जुळवून घ्यावा लागतो. नाहीतर माल असूनही शोधात सापडत नाही.

अंकांचे प्रकरण अधिक गंभीर, कारण तेथे पैसे असतात. मराठी भाषा नमूद केल्यास ब्राउझरची अंगभूत सोय १,२३,४५६ असे देवनागरी अंक आणि लाखाच्या पद्धतीचे स्वल्पविराम देते. हिंदीसाठी तीच सोय सामान्यतः रोमन अंक दाखवते. पण उलट दिशेने, वापरकर्त्याने देवनागरीत टंकलेला अंक जावास्क्रिप्ट संख्या म्हणून ओळखत नाही, तर पायथन ओळखते. म्हणजे तोच भाव सर्व्हरवर स्वीकारला जाईल आणि ब्राउझरमध्ये चुकीचा ठरेल.

दिसण्याच्या बाबतीत पानाच्या भाषेची खूण 'मराठी' अशी करणे आवश्यक असते. काही टंकांत ल आणि श यांची मराठी व हिंदी वळणे वेगळी दिलेली असतात, आणि योग्य वळण त्या खुणेवरूनच निवडले जाते. पीडीएफ तयार करणाऱ्या काही घटकांत अक्षरजुळणीची व्यवस्था नसते; त्यांतून छापलेल्या भावपत्रकात 'किलो'ची पहिली वेलांटी क च्या मागून उमटते. ही जुळणी करणारे हार्फबझ हे मुक्त इंजिन फायरफॉक्स व क्रोममध्ये वापरले जाते. म्हणूनच पडद्यावर शुद्ध दिसणारा मजकूर कागदावर बिघडू शकतो.

देखभाल आणि धोके

मार्च २०१६ मध्ये एका विकासकाने नावाच्या वादातून आपले सारे घटक एनपीएमवरून काढून घेतले. त्यांत मजकुराच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणारा 'लेफ्ट-पॅड' हा अवघ्या ११ ओळींचा घटक होता. त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी जगभर थांबली आणि भांडाराच्या चालकांना तो परत ठेवावा लागला. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' या घटकाच्या थकलेल्या देखभालकर्त्याने तो एका अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवला. त्या स्वयंसेवकाने आभासी चलन चोरणारी संहिता त्यात आणून सोडली. डिसेंबर २०२१ मध्ये जावातील 'लॉगफोरजे' या नोंदी ठेवणाऱ्या घटकात गंभीर दोष उघड झाला, तेव्हा आपल्या प्रणालीत तो आहे की नाही हेच अनेक संस्थांना चटकन सांगता येईना. जून २०२४ मध्ये 'पॉलिफिल' ही संहिता पुरवणाऱ्या संकेतस्थळाची मालकी बदलल्यानंतर तेथून थेट जोडणी केलेल्या १ लाखाहून अधिक संकेतस्थळांपर्यंत घातक संहिता पोहोचल्याचे निदर्शनास आले.

या घटनांत घटक फुकट होता हा दोष नव्हता. कोणी तरी सांभाळतो आहे, असे सर्वांनी गृहीत धरले होते, आणि तो सांभाळणारा बहुधा एकटा व विनावेतन होता.

यावरचे उपाय फारसे अवघड नाहीत. वापरलेल्या प्रत्येक घटकाची नेमकी आवृत्ती बंदिस्त करणारी नोंद-फाइल प्रकल्पात ठेवली जाते, त्यामुळे दर बांधणीत नकळत नवी आवृत्ती शिरत नाही. बाहेरून थेट जोडण्याऐवजी घटकाची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते. ज्ञात दोषांच्या सार्वजनिक सूचीशी आपले घटक ताडून पाहणारी साधने मोफत मिळतात. एनपीएममध्ये तर ती आज्ञा अंगभूतच आहे. भारतात सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी कशी ठेवावी यासंबंधी तांत्रिक मार्गदर्शिका काढली. किराणा मालाच्या पुड्यावर घटकपदार्थ छापलेले असतात, तशीच ही यादी असते.

दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे

वापरलेल्या घटकात दोष आढळल्यास तो आपल्या प्रतीत दुरुस्त करून गप्प बसणे सोपे असते, पण पुढची आवृत्ती आली की तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागते. म्हणून दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवण्याची प्रथा आहे. त्यासाठी मोठी संहिता लिहावी लागतेच असे नाही. मराठी मजकूर घातल्यावर काय झाले, काय व्हायला हवे होते, आणि कोणत्या शब्दाने ते पाहता येईल, एवढे नेमके लिहिलेले टिपण देखभालकर्त्याला उपयोगी पडते. त्याला देवनागरी वाचता येत नसेल तर अधिकच. 'वाशी'चे 'वश' होते, हे दाखवणारी दोन ओळींची चाचणी प्रकल्पात समाविष्ट झाली, की पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ती चाचणी उत्तीर्ण होऊनच बाहेर पडावे लागते.